‘भाग जात नाही’ म्हटल्यावर काय लिहायचं?

नमस्कार बाई,

जळगाव जिल्ह्यात एका खेड्यावर माझं किराणा दुकान आहे. शिक्षण नववीपर्यंत. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. पाढे वीसपर्यंत तोंडपाठ, झोपेतून उठवून विचारा. गुणाकार बरोबर येतात. भागाकार आला की सगळं बिनसतं. ६१२ ला ६ ने भागायला दिलं तर उत्तर १२. ४२१८ ला ६ ने भागलं तर ७३. भाजक दोन अंकी असला की वही मिटून रडायलाच लागते. परवा एक गणित होतं : १३० मुलं सहलीला निघाली, एका बसमध्ये ४० बसतात, तर बस किती लागतील? हिने लिहिलं, ‘३, बाकी १०’.

मी स्वतः गल्ल्यावर सगळे हिशोब तोंडी करतो. अठरा रुपयेवाले सात पुडे म्हटले की ‘एकशे सव्वीस’ तोंडातून निघून जातं. कसं निघालं ते मात्र तिला सांगता येत नाही. मग आवाज चढतो. गेल्या आठवड्यात एकदा हातही उठला, त्याचं वाईट वाटतंय. शिकवणीवाले म्हणतात मुलगी गणितात कच्ची आहे, अबॅकसच्या क्लासला घाला. शेजारचे रिटायर गुरुजी म्हणतात तीसपर्यंत पाढे पाठ करून घ्या. बायको म्हणते मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, कशाला पोरीच्या मागे लागता. नवोदयची परीक्षा तोंडावर आली आहे. कोणाचं ऐकू?

एक बाप

—

भाऊ,

तुमचं पत्र आल्यावर मी आधी ती दोन्ही गणितं कागदावर मांडली आणि तुमच्या लेकीसारखी चुकवून पाहिली. पोर कुठे घसरलं हे बघायचं तर त्याच वाटेने चालावं लागतं.

६१२ चा पहिला अंक ६. सहा एके सहा, भागाकारात १, वजाबाकी शून्य. वरचा १ खाली उतरवला. एकाला सहाने भाग जात नाही. म्हणून २ पण उतरवला, झाले बारा. सहा दुणे बारा, भागाकारात २, बाकी शून्य. उत्तर १२. आता सांगा, पाढा कुठे चुकला? वजाबाकी कुठे चुकली? ‘भाग जात नाही’ हेसुद्धा खरंच आहे. एवढंच झालं, की ते ती मनातल्या मनात म्हणाली आणि कागदावर त्याची नोंद केली नाही. ४२१८ चं तेच. बेचाळिसाला सहा साते, मग १ उतरवला, भाग जात नाही, ८ उतरवला, अठराला सहा त्रिक. ७३. दोन्ही वेळा एकाच जागी पाय घसरला आणि एकाच कारणाने. कच्चं पोर इतक्या शिस्तीत चुकत नाही हो. ते एकदा इथे चुकेल, एकदा तिथे. शिकवणीवाल्यांनी नुसतं उत्तर पाहिलं असावं, मधल्या ओळी नाहीत.

आणि हा भागाकार सोपा आहे असंही समजू नका. मुलांना वाचन आणि गणित किती येतं ते बघणाऱ्या ‘असर’ नावाच्या पाहणीसाठी गावोगाव फिरणारे कार्यकर्ते मुलांना अंक ओळखायला लावतात, हातच्याची वजाबाकी देतात आणि सगळ्यात वरची पायरी म्हणून हेच देतात : तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. गुणाकार आणि वजाबाकी या दोन्ही गोष्टी एका गणितात एकामागून एक करायच्या, वर अंदाजही बांधायचा. तुमची लेक त्या शेवटच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी आहे.

आता माझंच एक सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी अशा गणितांवर लाल फुली मारून पुढे जायची. मग एकदा चौथीतल्या एका मुलाने विचारलं, ‘‘बाई, भाग गेलाच नाही तर लिहायचं कशाला? शून्य म्हणजे तर काहीच नाही.’’ मी म्हटलं, ‘‘नियम आहे.’’ त्याने मान डोलावली आणि पुढच्याच गणितात पुन्हा शून्य गाळलं. त्याला मी जे उत्तर द्यायला हवं होतं ते तुमच्या गल्ल्यात पडलेलं आहे.

रात्री दुकानाचं शटर ओढल्यावर लेकीला जवळ बसवा. शंभराच्या सहा नोटा, दहाची एक आणि रुपयाची दोन नाणी तिच्यापुढे ठेवा. झाले ६१२. रुपयाची आणखी दहा-बारा नाणी गल्ल्यातच राहू द्या, पण हाताशी. घरातून सहा वाट्या आणा आणि सांगा, सगळ्या वाट्यांत सारखे पैसे पडले पाहिजेत. शंभराच्या नोटा ती पटापट टाकेल. मग तिच्या हातात दहाची एकच नोट राहील आणि समोर सहा वाट्या. इथे तुम्ही गप्प बसायचं. मला ठाऊक आहे हे अवघड आहे, कारण तुम्हाला उत्तर आधीच दिसत असतं. तरी गप्प बसा. ती नोटेकडे बघेल, वाट्यांकडे बघेल, तुमच्याकडे बघेल. दुकानदाराची लेक आहे, चार-दोन मिनिटांत म्हणेलच, ‘‘पप्पा, याचे सुट्टे द्या.’’ द्या. दहा आणि दोन बारा, प्रत्येक वाटीत दोन-दोन.

आता विचारा. एका वाटीत शंभराच्या नोटा किती? एक. दहाच्या किती? एकही नाही. रुपये किती? दोन. वहीत तीन घरं आखा, शतक, दशक आणि एकक, आणि तिचीच तीन उत्तरं त्यांत लिहायला लावा. १, ०, २. मग दशकाच्या घरावर बोट ठेवून झाका आणि म्हणा, वाच. बारा. वाटीत बारा रुपये आहेत का? शंभराची नोट तर समोर दिसते आहे! त्या मुलाला हे दाखवायला हवं होतं मी. शून्य काढलं की शंभराच्या घरातला १ घसरून दहाच्या घरात जातो, आणि शंभराची नोट दहाची होते.

एकदा नोटांवर झालं की लिहिण्याची पद्धत सुधारा. तुमच्या-माझ्या वेळी भाजक डावीकडे, मधे भाज्य, आणि भागाकार उजवीकडे कंसापलीकडे लिहीत असू. पुष्कळ घरांत पालक अजून तसंच शिकवतात. त्यात एक खोट आहे : उजवीकडे अंक एकाला एक चिकटून बसतात, एखादा गळला तरी मधे भोक दिसत नाही. त्यापेक्षा चौकटीची वही आणा आणि भागाकार भाज्याच्या वर लिहू द्या, ज्या अंकापर्यंत भाग घेतला त्याच्याच डोक्यावर. ४२१८ मध्ये ७ येईल २ च्या डोक्यावर, कारण बेचाळिसाला भाग घेतला. १ च्या डोक्यावर ०. ८ च्या डोक्यावर ३. सातशे तीन. १ वरची चौकट रिकामी राहिली तर ती दात पडल्यासारखी दिसते, डोळ्याला खुपते. आता ४ च्या डोक्यावरचीही चौकट रिकामीच आहे, तिथे शून्य का नाही, असं तिने विचारलं तर पाठ थोपटा. त्याच्या डावीकडे जागेवर धरून ठेवायला कुठलाच अंक नाही. ०७०३ लिहिलं तरी ते सातशे तीनच.

याहून महत्त्वाचं म्हणजे पेन्सिल टेकवायच्या आधीचा एक प्रश्न. ‘उत्तर शंभराच्या आत की शंभराच्या वर?’ सहा वाट्यांत शंभर-शंभर टाकले की सहाशे जातात, आपल्याकडे तर सहाशे बारा आहेत, म्हणजे उत्तर शंभराच्या किंचित वर. एवढं आधी बोलून झालं असेल तर १२ लिहिताना तिचा हात आपोआप थांबेल. आणि शेवटी ताळा करायचाच. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. त्र्याहत्तरचा पाढा पाठ नको, सरळ गुणाकार : ७३ गुणिले ६, चारशे अडतीस. कुठे बेचाळीसशे नि कुठे साडेचारशे! तिला गुणाकार येतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे स्वतःची चूक स्वतः पकडण्याचं हत्यार तिच्या दप्तरात आधीपासून आहे, फक्त ते काढायची सवय लागलेली नाही.

आता पाढे. शेजारच्या गुरुजींचा मान राखून सांगते, तीसपर्यंत पाठ केल्याने तिचं १०२ येणार नाही. गुरुजींच्या पिढीला बे ते तीस, वर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे सगळं पाठ करावं लागे, त्याला कारण होतं. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, शेराच्या सोळा छटाक. अशा बाजारात पाव-दीडचे पाढे नसतील तर दुकानदार दिवसभर बोटंच मोजत बसेल. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले आणि त्या पाठांतराचा पायाच निघून गेला. (औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. माझ्या आजीला येत असे आणि ती तो ओव्यांसारखा म्हणायची. ऐकायला फार गोड, पण नवोदयला कोणी विचारत नाही.)

तिच्या पाढ्यांत खरी अडचण वेगळी असण्याची शक्यता आहे, तपासून बघा. पाढा हे गाणं आहे आणि गाणं पहिल्या ओळीपासूनच म्हणता येतं. ‘सात एके सात’पासून सुरू केलं की ती धावत सत्तरला पोचेल. पण मधूनच विचारा, ‘‘छप्पनमध्ये सात किती वेळा?’’ ती ओठ हलवत खालून जिना चढते का बघा. चढत असेल तर भागाकाराच्या प्रत्येक पायरीला तिला एक पूर्ण जिना चढावा लागतोय. चार अंकी भाज्य येईपर्यंत पोर दमणारच, आणि दमलेलं पोर शून्यासारखी बारीक गोष्ट विसरतं.

म्हणून पाढे उलटे खेळा. तुम्ही आकडा टाकायचा, तिने जोड्या सांगायच्या. तुम्ही म्हणा अठ्ठेचाळीस. ती म्हणेल सहा आठे. आणखी? बारा चोक. आणखी? सोळा त्रिक. छत्तीस? नऊ चोक, सहा सक, बारा त्रिक. मधेच सदतीस टाका. शोधू द्या, सापडणार नाही. एकेचाळीसही नाही. कुठल्याच पाढ्यात न येणारे असे आकडे मुलांना फार आवडतात, त्यांची यादी भिंतीवर लावतात. दुकानात पुड्या बांधता बांधता होणारा खेळ आहे, वेगळा वेळ नको.

पाठ नसलेले आकडेही वाटतात तेवढे नसतात. २ पासून ९ पर्यंतचे पाढे ‘एके’ सोडून ‘दुणे’पासून ९ पर्यंत धरले तर ६४ गुणाकार होतात. सात आठे आणि आठ साते एकच, म्हणून उरतात ३६. त्यातले २ चे आणि ५ चे कुठल्याही पोराला येतात, ते काढा, उरले २१. ९ च्या पाढ्यात दशक एकाने चढतो, एकक एकाने उतरतो, १८, २७, ३६, आणि दोन्ही अंकांची बेरीज नऊ. ते काढा, उरले १५. ३ आणि ४ चे तिला नक्की येत असतील. शेवटी हाती राहतात सहा : सहा सक छत्तीस, सहा साते बेचाळीस, सहा आठे अठ्ठेचाळीस, सात साते एकोणपन्नास, सात आठे छप्पन, आठ आठे चौसष्ट. ज्या वर्गात मी शिकवलं त्या प्रत्येक वर्गात मुलं याच सहांवर अडखळली. त्यातही सात आठे सगळ्यात हट्टी. त्याला एक क्लृप्ती आहे, ५, ६, ७, ८ ओळीने लिहायचे : ५६ बरोबर ७ गुणिले ८. आणि सात सातेचं उत्तर तर नावातच आहे, एकोणपन्नास, पन्नासला एक उणा.

नावावरून आठवलं. आपल्या मराठी संख्या उलट्या बोलतात, त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनं घातली तेव्हा किती गदारोळ झाला होता! मला दोन्ही बाजू कळतात. तुमच्या लेकीला तो त्रास दिसत नाही, पण ती कधी छत्तीसच्या जागी ६३ लिहिताना आढळली तर पाढ्यांवर राग काढू नका, कानातून हाताकडे येताना अंकांची अदलाबदल झालेली असते.

आता तुमच्याकडे वळते. मला येतं पण सांगता येत नाही, असं लिहिलंत. अठरा रुपयांचे सात पुडे. मी सांगते तुम्ही काय केलंत. अठराच्या जागी वीस धरले. वीस साते एकशे चाळीस. प्रत्येक पुड्यामागे दोन जास्त धरले होते, म्हणून सात दुणे चौदा कमी. एकशे सव्वीस. होय ना?

भाऊ, ही पद्धत तुमच्या जिल्ह्याच्या मातीतली म्हटली तरी चालेल. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली, त्यात गुणाकाराचं उदाहरण आहे १३५ गुणिले १२. आणि ते एका रीतीवर थांबत नाहीत. बाराचे आठ आणि चार करा : १०८० आणि ५४०, मिळून १६२०. किंवा आधी चाराने गुणा, ५४०, मग तिनाने, १६२०. किंवा स्थानाप्रमाणे फोडा, दहा आणि दोन. किंवा बाराच्या जागी सोयीचा वीस घ्या, २७००, आणि जास्तीचे आठपट म्हणजे १०८० वजा करा. पुन्हा १६२०. हा शेवटचा प्रकार म्हणजे तुमचे अठराचे वीस. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, त्याचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला सापडला. (ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेले चांगदेव ते वेगळे.) पाटणादेवीला जाणं झालं तर लेकीला हे सांगा. म्हणजे ‘पप्पांना आपोआप येतं’ याला साडेआठशे वर्षांमागची लिहिलेली रीत आहे हे तिला कळेल.

तुम्हाला शिकवायला काही नवं शिकावं लागणार नाही. फक्त हिशोब मोठ्याने करायला लागा. गिऱ्हाईक समोर असताना तोंडातल्या तोंडात जे होतं ते आठवडाभर लेकीला ऐकू जाईल असं करा. ‘‘अठराचे वीस धरले... एकशे चाळीस... चौदा गेले...’’ गिऱ्हाईक हसेल, हसू द्या.

दोन अंकी भाजकाचंही याच वाटेने जातं. ती का रडते सांगू? चोविसाचा पाढा पाठ नाही, म्हणून प्रत्येक पायरीला अंदाज करायचा, अंदाज चुकला की खोडायचं, चार वेळा खोडलं की कागद फाटतो. तिला खोडायलाच लागू नये अशी सोय करून द्या. समजा ९०० बिस्किटपुडे आहेत आणि एका बॉक्समध्ये २४ मावतात. बाजूला चारच ओळी लिहायच्या : एक बॉक्स २४, दोन बॉक्स ४८, पाच बॉक्स १२०, दहा बॉक्स २४०. आता भरत सुटा. दहा बॉक्स भरले, ६६० उरले. आणखी दहा, ४२०. आणखी दहा, १८०. आता दहा भरणार नाहीत, पाच भरा, ६०. मग दोन, १२ उरले. किती बॉक्स झाले? तीस, पाच, दोन, सदतीस. बाकी १२. यात अंदाज कमी पडला तर चूक होत नाही, फक्त एक ओळ वाढते. महिनाभराने ती आपणहून म्हणेल की एकदम तीसच भरू या. तेव्हा शाळेतली नेहमीची रीत तिला सापडलेली असेल, कारण शाळेत तिसांचा ३ वर मांडतात तो याच तीस बॉक्सांचा.

भाग निःशेष जात असेल तर आणखी सोपी वाट आहे. ४३२ भागिले २४? दोघांचं निम्मं करा, २१६ भागिले १२. पुन्हा निम्मं, १०८ भागिले ६. अठरा. बाकी उरणार असेल तेव्हा मात्र जपून, कारण भागाकार तोच राहतो पण बाकीही निम्मी-निम्मी होत जाते.

आणि ती सहलीची बस. ‘३, बाकी १०’ हा भागाकार अगदी बरोबर आहे. फक्त दहा पोरं शाळेच्या फाटकापाशी डबे घेऊन उभी राहिली. भागाकार झाल्यावर गोष्टीत परत जायचं असतं हे तिला कोणी सांगितलेलं नसेल. तुमच्या दुकानात अंडी असतील तर ट्रे पुढे घ्या, एका ट्रेत ३०. अंडी १३०. भागाकार एकच, ४ आणि बाकी १०. आता तीन प्रश्न विचारा. भरलेले ट्रे किती विकता येतील? चार. सुटी अंडी किती राहतील? दहा. सगळी अंडी गावात न्यायची तर ट्रे किती लागतील? पाच. गणित एकच आणि उत्तरं तीन, हे तिने एकदा स्वतः अनुभवलं की बसचं गणित पुन्हा चुकणार नाही. मग तिलाच असे तीन-तीन प्रश्न तयार करायला सांगा. तुम्हाला उत्तर देता येतं का बघू दे.

अबॅकस वाईट नाही. बेरीज-वजाबाकीचा वेग वाढतो, काही मुलांना मजाही येते. पण तिला आत्ता वेगाची गरज नाही, ती आधीच घाईत आहे. ‘भाग जात नाही’ म्हणून एका क्षणाचीही उसंत न घेता ती पुढचा अंक उतरवते. फीचे पैसे ठेवा जपून. वहिनींचं कॅल्क्युलेटरचं म्हणणं मी एका अटीवर मान्य करते : बटण दाबण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते तिने मोठ्याने सांगायचं. एक बोट चुकीच्या आकड्यावर पडलं तर मोबाईल तक्रार करत नाही, जे विचारलं त्याचं उत्तर देऊन मोकळा होतो. नवोदयच्या पेपरात तर उत्तराचे चार पर्याय असतात, आणि पेपर काढणाऱ्याला मुलं कुठे घसरतात ते ठाऊक असतं. १०२ च्या शेजारी १२ बसवलेला असणारच असं समजून चाला.

हात उठला त्याबद्दल तिच्याशी बोला. ‘माझं चुकलं’ एवढंच, पुढे ‘पण तू पण’ जोडू नका. मार खाल्लेलं पोर वहीपुढे बसलं की गणित वाचत नाही, समोरच्याचा चेहरा वाचतं, आणि चेहऱ्यावर जे उत्तर दिसेल ते लिहून टाकतं. चिडचिड व्हायला लागली की त्या दिवसापुरतं बंद करा. वाट्या धुवायला टाका, नोटा गल्ल्यात घाला, उद्या दुकान परत उघडणार आहेच.

पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, तिला लिहायला सांगा. तिच्यासाठी एक गणित देते. ३६३६ पेरू आहेत, डझनाने बांधायचे. किती डझन होतील? उत्तराच्या आधी तिने अंदाज लिहायचा, तीसच्या जवळ की तीनशेच्या जवळ, आणि तो खोडायचा नाही, चुकला तरी तसाच पाठवायचा. मला तोच आधी वाचायचा आहे.

तुमची,
बाई